ह्यात स्टोरी कुठाय? 'शॉर्ट पीस' बघून वैतागलेल्यांसाठी

2025 च्या सप्टेंबरात डीमन स्लेयर ह्या जपानी कार्टून मालिकेचा पिक्चर आपल्याकडे थेटरात लागला, पहाटेच्या शोला पोरं डोळे चोळत जाऊन बसली, आणि तेव्हापासून आमच्या घरात अ‍ॅनिमेशिवाय दुसरा विषय नाही. भाची अकरावीत आहे, ती मला कोण कुठल्या श्वासाने तलवार चालवतं ते समजावते आणि मी चहा पीत मान हलवतो. एका रविवारी म्हटलं थांब, आता मी तुला काहीतरी दाखवतो, आणि लॅपटॉपवर 'शॉर्ट पीस' लावला. 2013 चा पिक्चर, कात्सुहिरो ओतोमोच्या नावावर ओळखला जाणारा (हो, 'अकिरा' ह्या गाजलेल्या जपानी पिक्चरवाला), जेमतेम 68 मिनिटांचा. विसाव्या मिनिटाला तिने स्पेसबार दाबला.

"मामा, ह्यात स्टोरी कुठाय? पहिल्यातला तो माणूस परत येणारे का?"

नाही येणार, म्हटलं.

"मग हा पिक्चर कसा?"

प्रश्न रास्त होता आणि मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

एक पिक्चर की चार?

चार. चार छोट्या फिल्म, चार वेगळे दिग्दर्शक, आणि सुरुवातीला कोजी मोरिमोतोने केलेला एक छोटासा तुकडा, ज्यात एक मुलगी डोळे झाकून लपाछपीचं राज्य घेते आणि "मो ई काई?" म्हणजे "येऊ का?" असं ओरडते. अशा एकत्र बांधलेल्या पिक्चरला ऑम्निबस म्हणतात. शब्द भारदस्त आहे पण वस्तू आपल्या घरातलीच आहे, दिवाळी अंक! दिवाळी अंकात पान 40 वरच्या कथेतली वहिनी पान 72 वरच्या कथेत का आली नाही असं कोणी संपादकाला विचारत नाही. कथा वेगळ्या, लेखक वेगळे, पण अंक एक, कारण कोणीतरी बसून ठरवलेलं असतं की काय घ्यायचं आणि कशाच्या शेजारी काय ठेवायचं.

आता शॉर्ट फिल्म म्हणजे मोठ्या पिक्चरचं ट्रेलर किंवा कापून छोटा केलेला पिक्चर नव्हे हे पण आधीच सांगून ठेवतो. एकांकिका आणि तीन अंकी नाटक ह्यात जो फरक आहे तोच इथे. एकांकिकेत पात्राचं बालपण, लग्न, म्हातारपण सगळं दाखवायला वेळ नसतो, एक प्रसंग पकडायचा आणि तो पार टोकाला न्यायचा.

आणि नाव? पीस म्हणजे तुकडाही आणि शांतताही, स्पेलिंगमध्ये शांततावाला आहे. चारही गोष्टींत शांतता अगदी अल्प काळ टिकते, त्यामुळे हा नुसता फालतू शब्दखेळ नाही.

काळ कुठले?

जपानी लोक काळ सांगतात ते साधारण आपण "पेशवाईत" किंवा "इंग्रजांच्या काळात" म्हणतो तसं. त्यातला इथे लागणारा मोठा काळ म्हणजे एदो, 1603 ते 1868. एदो हे आजच्या टोक्योचं जुनं नाव, तोकुगावा घराण्याचे शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, तिथून कारभार बघायचे, आणि आपल्याकडचं म्हणाल तर शिवाजी महाराजांपासून शेवटच्या बाजीरावापर्यंत सगळं ह्या एका एदो काळात मावतं. त्याच्या आधीचा सेनगोकु, म्हणजे सरदारासरदारांच्या मारामारीचा काळ. भाचीचा डीमन स्लेयर घडतो तो तैशो, 1912 ते 1926, तो ह्या पिक्चरमध्ये नाहीच.

पहिली गोष्ट अठराव्या शतकात, दुसरी एदो शहरात, तिसरी सोळाव्या शतकाच्या शेवटी, चौथी पुढच्या काळातल्या उद्ध्वस्त टोक्योत. ओळीने नाहीत हे लक्षात आलंच असेल. इतिहासाचा तास घ्यायचा असता तर तिसरी आधी लावली असती. मला विचाराल तर ह्या पिक्चरची खरी गंमत वेगळीकडे आहे, आपण साधारण काळ शोधतो कपड्यात, तलवारीत, घरांच्या छपरात, पण इथे तो रेषेत आहे, म्हणजे चित्र काढायची पद्धतच त्या त्या काळाच्या हाताने बदलते. स्टोरी शोधत बसलं की नेमकं हेच निसटतं.

छत्र्या का रुसल्या?

पहिली गोष्ट शुहेई मोरिताची (ह्यानेच पुढे 'टोक्यो घोल' ही भुताखेतांची मालिका केली, हे सांगितल्यावर भाची जरा सरळ बसली). पावसात डोंगरात चुकलेला एक धडधाकट माणूस पडक्या छोट्या देवळात शिरतो, आत बघतो तर भलतीच खोली, आणि जुन्या फाटक्या छत्र्या जिवंत होऊन त्याच्याभोवती नाचायला लागतात. हॉरर पिक्चर असता तर तो पळाला असता. हा बसतो, आपली पेटी उघडतो आणि छत्र्या दुरुस्त करायला घेतो.

जपानी नाव 'त्सुकुमो', लिहितात 99 असं. जुनी समजूत अशी की घरातल्या वस्तूला 100 वर्षं झाली की तिच्यात जीव येतो. वर्षअखेरीच्या साफसफाईत लोक जुनी भांडीकुंडी बाहेर टाकायचे, शंभरी भरायच्या आधीच, आणि मग त्या वस्तू चिडायच्या, की इतकी वर्षं राबलो आणि शेवटी उकिरडा? अशा रागावलेल्या वस्तूंना त्सुकुमोगामी म्हणतात.

आपल्याला हे अवघड जाऊ नये, खंडेनवमीला पान्हे, कोयता, शिवणयंत्र, रिक्षा सगळ्यांना हळदकुंकू लावणारी माणसं आपण. फरक एवढाच की आपण कामावर असलेल्या हत्याराची पूजा करतो, तिकडे निवृत्त झालेल्याची पण आठवण ठेवतात. जपानात आजही हारी-कुयो नावाचा विधी होतो, वर्षभरात मोडलेल्या सुया देवळात नेऊन मऊ टोफूत टोचून ठेवतात, कारण बिचाऱ्या आयुष्यभर जाड कापडात घुसल्या, शेवटी तरी मऊ जागा मिळू दे. मला हे इतकं आवडलं की आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली आधी माझी मशीन दुरुस्त करून दे.

आता रेषेकडे बघा. ह्या फिल्ममध्ये भिंती, कापडं, छत्र्या ह्या सगळ्यांवर जपानी नक्षीच्या कागदासारखे आणि विणलेल्या कापडासारखे पोत आहेत, पृष्ठभागच बोलतो. गोष्ट कशाची, तर कागद, बांबू आणि कापडाच्या वस्तूंची. म्हणजे चित्र ज्या मालाचं बनल्यासारखं दिसतं त्याच मालाची ती गोष्ट आहे. 2014 च्या ऑस्करला शॉर्ट अ‍ॅनिमेशनमध्ये ह्याला नॉमिनेशन होतं, मिळालं मात्र 'मिस्टर हुब्लो'ला.

आग

दुसरी फिल्म स्वतः ओतोमोची, आणि माझ्या मते ह्या एकीसाठी सगळा अंक विकत घ्यावा.

ओवाका ही व्यापाऱ्याची मुलगी. शेजारचा मात्सुकिची लहानपणापासूनचा सोबती, त्याला आगीचं आणि आग विझवणाऱ्यांचं वेड. मोठा होऊन अंगावर गोंदून घेतो, घरचे हाकलतात, तो अग्निशमनवाल्यांत जातो. इकडे हिचं लग्न दुसरीकडे ठरतं. एका रात्री खोलीत ती वैतागून हातातला घडीचा पंखा फेकते, तो दिव्यात पडून पेटतो. हाक मारायला उठते. आणि मग मारत नाही.

"पण का? सरळ ओरडायचं ना," भाची. तर ह्यासाठी एदो शहर थोडं समजून घ्यावं लागतं. घरं लाकडाची, सरकती दारं कागदाची, जमिनीवर गवताच्या चटया, हिवाळ्यात कोरडा वारा, आणि अठराव्या शतकात लोकसंख्या 10 लाखांच्या वर. म्हणजे अख्खं शहर काडेपेटीच. 1657 च्या मार्चमधली मेइरेकी आग तीन दिवस चालली, शहराचा अर्ध्याहून जास्त भाग गेला आणि मेलेल्यांचा आकडा 1 लाखापर्यंत सांगतात. (त्याच वर्षी मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, एवढ्यावरून काळ डोक्यात बसेल.) "आग आणि भांडण ही एदोची फुलं" अशी म्हणच होती.

विझवायचे कसे? पाणी पुरायचं नाही. म्हणून आग जिकडे निघालीय तिकडची घरं ती पोचायच्या आधीच आकड्यांनी ओढून पाडायची, जाळायला काही उरलंच नाही की आग आपोआप थांबते. शेतात पाचट पेटवताना बाजूने मोकळा पट्टा काढून ठेवतात, तोच हिशेब. हे काम करायचे इमारतीच्या परांचीवर चढणारे मजूर, कारण घर बांधायचं कसं हे माहीत असलेल्यालाच ते झटकन पाडता येतं. जाड शिवलेले सुती कोट पाण्यात भिजवून घालायचे, आणि प्रत्येक टोळीचं निशाण घेऊन एकजण छपरावर उभा राहायचा. एदोत हे लोक म्हणजे हिरो. तेव्हा ओवाकाला आग लागली की कोण येणार हे पक्कं माहीत आहे. ती का गप्प बसते ते आता वेगळं सांगायला नको.

जपानी प्रेक्षकाच्या डोक्यात इथे अजून एक नाव येतं, ओशिची. भाजीवाल्याची ही मुलगी. एका आगीत घरच्यांबरोबर देवळात आसऱ्याला गेली, तिथे एक मुलगा आवडला, पुन्हा भेट व्हावी म्हणून तिने स्वतःच आग लावली, आणि 1683 मध्ये तिला त्या गुन्ह्यासाठी जिवंत जाळण्यात आलं. तिच्यावर नाटकं झाली, बाहुल्यांचे खेळ झाले, चित्रं निघाली. ओतोमोने त्यातला एक खिळा सैल केला, त्याची मुलगी आग लावत नाही, लागलेली फक्त लागू देते. हे मला जास्त भयंकर वाटतं.

फिल्मचं जपानी नाव 'हि नो योजिन', म्हणजे "आग सांभाळा". हिवाळ्याच्या रात्री लाकडी टिपऱ्या वाजवत गल्लीतून फिरणारे लोक असं ओरडतात, अजूनही काही मोहल्ल्यांत ओरडतात. पण ओतोमोने अक्षरं बदलून लिहिलंय, त्यात "शमवणं" ह्या अर्थाचं अक्षर घातलंय. उच्चार तोच.

आणि चित्र? इथे दुसरा भारदस्त शब्द, एमाकी. म्हणजे लांबच लांब कागदाची गुंडाळी, मांडीवर घेऊन उजवीकडून डावीकडे हातभर उघडायची, तेवढं बघायचं, बघून झालेलं गुंडाळायचं आणि पुढचं उघडायचं. गोष्ट सरकत जाते. फिल्म सुरू होते तीच गुंडाळी उलगडत, आणि कॅमेरा बराच वेळ शहरावरून नुसता आडवा सरकतो. इथे भाची म्हणाली "मामा हे तर मोबाईल स्क्रोल केल्यासारखं आहे, फक्त आडवं." अगं तो स्क्रोल शब्दच मुळात गुंडाळीचा!

एमाकीत दोन सवयी असतात. एक, घरांची छपरं उडवलेली, म्हणजे वरून तिरकं बघितलं की आतली माणसं दिसतात. दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्याला शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं असतं की रेल्वेचे रूळ लांब जाऊन एका ठिपक्यात मिळतात, लांबचं ते लहान. एमाकीत रूळ कधीच मिळत नाहीत, समांतरच जातात, लांबचं घरही जवळच्या घराएवढंच. त्यामुळे बघणाऱ्याला एक ठरलेली जागा नसते, तो देवासारखा वरून सरकत राहतो, सगळ्यांवर सारखीच नजर, कोणावर विशेष माया नाही. हजारो घरं जळतायत आणि चित्र शांत. रडायचं कुठे हे कॅमेरा सांगत नाही.

हे त्याने हवेतून काढलेलं नाही. बाराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध एमाकीत 866 साली जळालेल्या ओतेनमोन दरवाज्याची आग आहे, बघायला धावलेल्या गर्दीसकट. तेराव्या शतकातल्या दुसऱ्या एकीत, जी आता बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे, राजवाडा जळतोय आणि ज्वाळा कागदभर लोळतायत. आग कशी काढायची हे जपानी चित्रकार आठशे-नऊशे वर्षं घोटत आलेत, आणि ओतोमोने त्याच आगीला हलवलं. 2012 च्या जपान मीडिया आर्ट्स फेस्टिवलमध्ये अ‍ॅनिमेशनचं सगळ्यात मोठं बक्षीस हिला मिळालं ते उगाच नाही.

अस्वल

तिसरी 'गाम्बो', हिरोआकी आंदोची. उत्तरेकडचं डोंगरातलं गाव, मुली पळवणारा लालभडक राक्षस, गावात उरलेली एक छोटी मुलगी आणि माणसाचं बोलणं समजणारं पांढरं अस्वल. राक्षस नेमका कुठून आलाय ते बघताना कळेल. पात्रांची चित्रं योशियुकी सादामोतोची, 'इव्हँजेलियन' ह्या रोबोटवाल्या मालिकेचा तोच. रेषा खरखरीत, पेन्सिल दाबून काढल्यासारखी, आणि मारामारी अशी की मी दोनदा नजर वळवली. मला चारातली ही सगळ्यात कच्ची वाटते, सगळा जोर शेवटच्या झुंजीवर आणि आधीचं घाईघाईत. असो.

आणि भविष्य

चौथीचं नाव 'शस्त्रांनो, निरोप घ्या' अशा अर्थाचं, हेमिंग्वेच्या कादंबरीचं जपानीत जे नाव आहे तेच उचललंय. ओतोमोने 1981 मध्ये काढलेल्या छोट्या मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिकवरून, दिग्दर्शक हाजिमे कातोकी, जो आयुष्यभर गंडम ह्या मालिकेतले रोबोट डिझाइन करत आलाय. टोक्यो वाळवंट झालंय, चिलखती सूट घातलेली पाच माणसांची टीम बेवारस शस्त्रं निकामी करत फिरतेय, आणि एक स्वयंचलित रणगाडा अजून ड्यूटीवर आहे. त्याला युद्ध संपलं हे कोणी कळवलेलंच नाही. इथे प्रत्येक बोल्ट, प्रत्येक केबल दिसते, रेषा एकदम धारदार, इंजिनियरच्या ड्रॉइंगसारखी.

पहिल्या गोष्टीत टाकून दिलेल्या वस्तू जिवंत होतात आणि माणूस त्यांना दुरुस्त करून शांत करतो, शेवटच्या गोष्टीत टाकून दिलेली वस्तू अजून जिवंत आहे आणि तिला दुरुस्ती नकोय. रणगाडाही त्सुकुमोगामीच की एका अर्थी, शंभरी भरायच्या आधीच रागावलेला. गोष्टी जोडलेल्या नाहीत म्हणणाऱ्यांनी हे एक बघावं.

पण हे सगळं कंप्युटरवरच केलंय ना?

बरंचसं, हो. "मग हाताने काढल्याचं नाटक कशाला?" असा आक्षेप मी मोठ्या माणसांकडून ऐकलाय. फरक असा समजा, चित्रातला गणपती एकाच बाजूने दिसतो, दुसरी बाजू हवी तर दुसरं चित्र काढा. शाडूची मूर्ती एकदा घडवली की कुठूनही बघा. कंप्युटरवर अशी मूर्ती घडवतात, मग तिचे गोलसर उजेड-सावली काढून सपाट रंग आणि कडेची काळी रेघ देतात, की ती परत चित्रासारखी दिसावी. ह्याला सेल-शेडिंग म्हणतात.

सोपं वाटतं, पण नसतं. कंप्युटरला लांबचं लहान दाखवायची सवय असते, एमाकी हवी तर ती सवय मोडावी लागते. शिवाय पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात पण हाताने काढणारे जपानी बऱ्याचदा 8 किंवा 12 चित्रांतच भागवतात, एकेक चित्र दोन-तीन फ्रेम तसंच धरून. आपल्या डोळ्याला त्या अडखळण्याची सवय झालीय. कंप्युटर सगळं तुपासारखं गुळगुळीत हलवतो आणि मग ते खोटं वाटतं, म्हणून मुद्दाम फ्रेम काढून टाकून हालचाल थोडी रखडवतात. इतकी मेहनत करून चिटिंग करायची असेल तर करू दे बाबा.

असले पिक्चर काढतं कोण, आणि का?

जपानी अ‍ॅनिमेशन सुरूच झालं छोट्या फिल्मनी. 1917 ची, बोथट तलवार घेऊन फसलेल्या सामुराईची काही मिनिटांची एक फिल्म ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडली, हाताशी असलेल्यांत ती सगळ्यात जुन्यांपैकी एक. पण एकट्या बारा मिनिटांच्या फिल्मला तिकीट कोण काढणार? तीन-चार बांधून एक शो होतो, आणि नव्या पद्धती करून बघायला जागा मिळते, फसली तर बाराच मिनिटं फसली. ओतोमो हे 1987 पासून करत आलाय, त्या वर्षी असे दोन संग्रह आले आणि दोन्हीत तो होता, मग 1995 चा 'मेमरीज', ज्यातली त्याची गोष्ट एकाच न तुटणाऱ्या शॉटसारखी चालते.

ह्याहून अवघड प्रकार बघायचा तर किहाचिरो कावामोतोचा 2003 चा 'फुयु नो हि', म्हणजे हिवाळ्याचे दिवस. हायकूसाठी प्रसिद्ध असलेला कवी बाशो आणि त्याच्या मित्रांनी 1684 मध्ये मिळून रचलेली साखळी कविता आणि तिच्या कडव्यांवर देशोदेशीचे 35 अ‍ॅनिमेटर. साखळी कविता म्हणजे जवळपास आपल्या भेंड्या, पुढच्याने फक्त मागच्याचं टोक पकडायचं, त्याच्या मागचं विसरायचं. अख्ख्या भेंड्यांची स्टोरी काय, असं कोणी विचारतं का?

मुलांना दाखवू का?

पहिली खुशाल दाखवा, दुसरी समजणाऱ्या वयात. तिसरी अजिबात नको, अस्वल आहे म्हणून फसू नका. चौथीत रक्तपात आहे आणि शेवटी एका माणसाच्या अंगावर कपडे नाहीत, पण तो शेवट त्यावरच उभा आहे, सूट उतरला की यंत्राच्या हिशेबात तो सैनिकच उरत नाही. आणि शक्यतो जपानी आवाजातच बघा, टिपऱ्यांची हाळी डबिंगमध्ये मजा देत नाही.

भाचीला हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही पहिल्यापासून परत लावला. आगीच्या वेळी तिने दोनदा पॉज करून छपरं मोजली. संपल्यावर विचारलं, आता कुठली आवडली? तर म्हणे गाम्बो. मी म्हटलं अगं मी एवढं एमाकी एमाकी करत होतो. "हो मामा, पण त्यात अस्वल नव्हतं."